टर्बो ओव्हरकिल: गोंधळ गेमचा की उन्हाचा?

'टर्बो ओव्हरकिल' या शूटर, म्हणजे गोळीबाराच्या व्हिडिओ गेमबद्दल एकाने लिहिलंय, 'निऑन आणि स्फोटांत पहिला तासभर काही दिसतच नाही'. हे मत मला अर्धंच पटलं. एका जागी उभं राहून खेळलात तर गोंधळ होणारच. हिरोच्या पायातच चेनसॉ (मोटरवर चालणारी करवत) आहे, घसरत गेलात की समोरचा कापला जातो. म्हणजे पळणं हाच हल्ला! ते अंगवळणी पडलं की तेच स्फोट वाट दाखवायला लागतात. २०२३ मध्ये पूर्ण गेम आल्यापासून घसरण्याची इतकी मजा मला दुसऱ्या कुठल्या शूटरमध्ये आली नाही.

पण भाऊ, उन्हाळ्याबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्या भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. लॅपटॉप तापला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप स्वतःचा वेग उतरवतात, आणि तेही नेमकं मोठ्या स्फोटात, जेव्हा काम सगळ्यात जास्त असतं. चित्र अडखळतं, नेम हुकतो, नाव मात्र गेमचं खराब होतं. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) ६० वर बांधा, लॅपटॉप मागून उचलून ठेवा, आणि कूलरची दमट हवा थेट त्याच्यावर सोडू नका. एवढं केल्यापासून माझा गेम भर दुपारीसुद्धा सलग चालतो.