कोकुशिबोपुढे उभे राहिलेले दोन भाऊ : सानेमीची वडीलकी चुकली का?

आडवाट

('डेमन स्लेअर' ही राक्षस आणि त्यांना मारणारे योद्धे यांची जपानी चित्रकथा. ज्यांना ती पडद्यावरच पाहायची आहे त्यांनी येथेच थांबावे. 'इन्फिनिटी कॅसल'चा पहिला चित्रपट २०२५ मध्ये आला, त्यात ही लढाई नाही. मी लिहितो आहे ते २३ खंडांच्या मूळ चित्रकथेवरून.)

'डेमन स्लेअर'मधील राक्षसांच्या उतरंडीत कोकुशिबोचा क्रमांक राक्षसांचा अधिपती मुझान याच्या खालोखाल लागतो. त्याच्या चेहऱ्यावर सहा डोळे आहेत, स्वतःच्या मांसातून घडवलेल्या तलवारीवरही डोळे आहेत आणि चारशेहून अधिक वर्षांचा सराव त्याच्या गाठीशी आहे. त्याच्यासमोर प्रथम येतो राक्षससंहारकांच्या दलातला चौदा वर्षांचा मुइचिरो. काही क्षणांत त्याचा हात तुटतो आणि त्याच्याच तलवारीने तो खांबाला खिळला जातो. त्यानंतर बंदूक घेऊन आलेल्या सोळा वर्षांच्या गेन्याचे हात जातात, मग कमरेतून दोन तुकडे होतात, आणि गळ्यावर घाव पडणार इतक्यात त्याचा थोरला भाऊ सानेमी मध्ये येतो.

माझा आक्षेप या थोरल्या भावावर आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर दोघांनी मिळून आईला आणि भावंडांना सांभाळायचे, असे या दोघांचे ठरले होते. पुढे राक्षसीण झालेल्या आईच्या हातून पाच धाकटी भावंडे गेली आणि नाइलाजाने सानेमीने आईला मारले. काय घडले हे न कळलेल्या गेन्याने त्याला खुनी म्हटले. तो शब्द परत घेण्यासाठीच गेन्या राक्षससंहारकांच्या दलात आला, तेव्हा सानेमीने 'मला भाऊ नाही' असे सांगून त्याला झिडकारले आणि पुढे तर त्याचे डोळे फोडायलाही धावला. वचन दोघांचे होते, ते एकट्याने मोडण्याचा अधिकार सानेमीला कोणी दिला? गेन्याने लढायचे हे पक्के होते, प्रश्न एवढाच होता की तो भावाच्या शेजारी उभा राहून लढेल की भावाच्या मागे धावत लढेल. सानेमीने त्याला दुसऱ्या वाटेवर ढकलले, असे माझे मत आहे.

उंबरठा

आडवाट, वचनाची भाषा ऐकायला चांगली वाटते, पण ते वचन ज्यांच्यासाठी दिले होते ती पाच मुले आणि आई एका रात्रीत संपली. त्यानंतर ज्याच्याकडे सांभाळायला एकच भाऊ उरला आहे, तो त्या भावाला तलवारीच्या टोकासमोर का जाऊ देईल? त्यातून गेन्याला श्वसनतंत्र, म्हणजे श्वासावर ताबा ठेवून ताकद वाढवण्याची विद्या, मुळीच जमत नाही. या कथेत ज्याला श्वसन जमत नाही त्याने राक्षसाशी लढणे म्हणजे पोहता न येणाऱ्याने पुरात उडी घेण्यासारखे आहे. त्यावर त्याने शोधलेला उपाय राक्षसाचे मांस खाण्याचा आहे; त्याने काही काळ राक्षसाची ताकद आणि जखमा भरून काढण्याची शक्ती त्याच्या अंगी येते. आपला पाठचा भाऊ हे करतो आहे असे कळल्यावर कोणता थोरला भाऊ शांतपणे चर्चा करत बसेल?

सानेमीच्या मनात काय होते ते तो याच लढाईत उघड बोलून दाखवतो. गेन्याने लग्न करावे, त्याला मुलेबाळे व्हावीत, त्याने म्हातारे व्हावे आणि तेथे राक्षस पोहोचू नयेत यासाठी आपण झिजावे, एवढेच त्याला हवे होते. पद्धत वाईट होती हे मी मान्य करते, पण हेतूत खोट काढता येणार नाही.

तिरकस रेघ

मायेचा हिशेब बाजूला ठेवून मी केवळ लढाईकडे पाहतो, कारण ताकदीतील तफावत लक्षात घेतल्याशिवाय 'तो तेथे नसता तर बरे झाले असते' या वाक्याला अर्थ राहत नाही.

सानेमी एकटा असताना काय झाले ते आठवा. त्याचे रक्त दुर्मीळ जातीचे आहे आणि त्याच्या वासाने राक्षसाला नशा चढते. कोकुशिबोलाही ती चढली, पण त्यामुळे त्याचा हात फारसा अडखळला नाही. सानेमीचे पोट फाटले, आतडी बाहेर येऊ नयेत म्हणून त्याने स्नायू आवळून धरले, आणि त्याचा सहकारी ग्योमेई येऊन लढाई अंगावर घेईपर्यंत तो जेमतेम उभा राहिला. पुढे ग्योमेई लढत असताना हा मनुष्य एका बाजूला बसून स्वतःचे पोट स्वतःच शिवतो. एवढे दोन हाशिरा, म्हणजे दलातले सर्वोच्च योद्धे, एकत्र लढूनही कोकुशिबो मात्र कमी पडत नव्हता.

पारडे फिरले ते गेन्यामुळे. त्याने कोकुशिबोचे तुटलेले केस खाल्ले, त्याच्या तलवारीचा तुकडा खाल्ला आणि शत्रूचीच शक्ती बंदुकीत भरली. त्या गोळ्या कोकुशिबोच्या अंगात शिरून त्यांची झाडे झाली आणि मुळांनी त्याला जागीच जखडले. त्याच वेळी मुइचिरोने त्याच्या शरीरात खुपसलेली तलवार लाल झाली; अशा तलवारीच्या जखमा राक्षसाला सहज भरून काढता येत नाहीत. ही दोन मुले नसती तर ग्योमेई आणि सानेमी त्याच्या मानेपर्यंत पोहोचलेच नसते. सानेमीचे म्हणणे गेन्याने ऐकले असते, तर गेन्या घरी वाचला असता आणि सानेमी तेथेच मेला असता.

उंबरठा

तिरकस रेघ, हे तुम्ही निकाल पाहून बोलत आहात. झिडकारण्याच्या क्षणी सानेमीला कसे ठाऊक असणार की वर्षानंतर गेन्याच्या पोटात कोकुशिबोचे केस जाणार आहेत? परिणाम चांगला झाला म्हणून आधीची भीती खोटी ठरत नाही. आणि परिणाम तरी चांगला कसा म्हणायचा? पोरगा उभा चिरला गेला.

दीपमाळ

या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे. त्या एका लढाईत भावांच्या तीन जोड्या आहेत.

मुइचिरोचा जुळा भाऊ युइचिरो त्याच्याशी कायम कडवट बोलत असे, 'मुइचिरो'मधला 'मु' हा निरर्थकतेचा आहे असेही त्याने म्हटले होते, आणि मरताना मात्र तो 'मु' अनंताचा आहे असे सांगून गेला. म्हणजे कठोर बोलून भावाला सांभाळू पाहणारा सानेमी काही एकटा नव्हे.

तिसरी जोडी खुद्द कोकुशिबोची आहे, आणि मला तीच सर्वांत बोचते. तो मिचिकात्सु असताना, घरात हलके लेखल्या जाणाऱ्या योरिइचीकडे चोरून जात असे. त्यासाठी वडिलांचा मार खाऊनही दुसऱ्या दिवशी सुजलेल्या तोंडाने तो पुन्हा गेला, भावाला स्वतः बनवलेली बासरी दिली आणि संकट आले तर ही वाजव, दादा धावत येईल, असे सांगितले. तो शब्द देणारा मुलगा पुढे भावाच्या कौशल्याच्या हेव्याने राक्षस झाला. वृद्ध योरिइचीचे प्रेत त्याने चिरले तेव्हा त्यातून तीच बासरी दोन तुकडे होऊन पडली.

त्यामुळे आडवाट यांचा प्रश्न मला थोडा वेगळा दिसतो. कोकुशिबोने धाकट्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहिले. सानेमीने धाकट्याकडे मूल म्हणून पाहिले. धाकट्याकडे बरोबरीचा म्हणून दोघांनीही पाहिले नाही.

आडवाट

दीपमाळ, 'बरोबरीचा' हाच शब्द मला सापडत नव्हता. डोळे फोडण्याच्या प्रसंगाबद्दल मात्र मी ठाम आहे. उंबरठा म्हणतात त्याप्रमाणे हेतू चांगला असेल, पण आंधळा करून वाचवलेला भाऊ त्याने जगवला असता कशासाठी?

एक उदाहरण आपल्या घरचे देतो. वनवासाला निघताना रामानेही लक्ष्मणाला अयोध्येत थांबायला सांगितले होते. लक्ष्मण ऐकेना, तेव्हा रामाने त्याला सोबत घेतले. पुढे युद्धात शक्ती लागून लक्ष्मण पडला तेव्हा, बायका देशोदेशी मिळतील पण सख्खा भाऊ मिळेल असा देश मला दिसत नाही, असा शोक त्याने केला. धोका तेथेही होताच, पण राम लक्ष्मणाला हाकलून देत नाही. सानेमीला तेवढे जमले नाही. ते जमले ग्योमेईला. त्याने गेन्याला शिष्य करून जवळ ठेवले आणि श्वसन येत नसलेल्या मुलाला, सूत्र पुटपुटत मन एकवटण्याची रीत शिकवली. वडीलकी म्हणतात ती ही.

उंबरठा

ग्योमेईने गेन्याचे पाच भाऊबहीण एका रात्री मेलेले पाहिले नव्हते. शिष्याला रणात नेणे आणि उरलेल्या एकुलत्या भावाला रणात नेणे यांत फरक आहे, एवढे तरी माना. रामाचे म्हणाल तर त्याला आणखी दोन भाऊ होते.

तरी एका गोष्टीत मी मागे हटते. गेन्या शेवटी सांगतो की तू मला वाचवू पाहत होतास तसेच मलाही तुला वाचवायचे होते. हे वाक्य सानेमीने आधी कधीही बोलू दिले असते, तर ते मरताना बोलावे लागले नसते.

तिरकस रेघ

तुमच्या 'म्हातारपणा'बद्दल एक नोंद करतो. लढताना ताकद एकदम वाढवणारी खूण ज्यांच्या अंगावर उमटते ते सहसा पंचविशीच्या पुढे जगत नाहीत, आणि ही खूण सानेमीवर याच लढाईत उमटली. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. गेन्याने राक्षसाचे मांस खाल्ले होते, म्हणून त्याचे शरीरही राक्षसासारखेच विरून गेले. सानेमी देवाकडे भाऊ मागत होता, आणि त्याच्या हातात गेन्याचे कपडे तेवढे उरले.