देवळालीत शिकलेला नट

'नटाला कसला आदर्श मानायचा, तो तर दुसऱ्याने लिहिलेलं बोलतो' असं काहीजण म्हणतात, ते मला काही पटत नाही. मी नाशिकरोडचा आणि दिलीपकुमार देवळालीच्या बार्न्स शाळेत शिकलेले, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा! 'कोहिनूर'मध्ये (१९६०) सतार वाजवायची होती, तर हा माणूस खरोखर सतार शिकला. दुसऱ्याची बोटं दाखवून भागलं असतं की. पण मला त्याहून मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. शोकांत भूमिकांचा मनावर ताण यायला लागला, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेऊन ते 'आझाद'सारख्या (१९५५) हलक्याफुलक्या सिनेमाकडे वळले. नाव ऐन भरात असताना, त्या काळात! आमच्याकडे आजही हा विषय निघाला की कोणीतरी चहा टाकायला उठतं.