नुसता चेहरा रंगवून भागत नाही

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश इन्फन्ट्रीच्या (पायदळाच्या) बॉक्समधल्या फिगर, म्हणजे जोडून रंगवायचे छोटे मॉडेल सैनिक, घेऊन चेहरे गडद केले की इटलीत लढलेली मराठा पलटण तयार, असं काही जण म्हणतात. हेल्मेट आणि १९३७ पॅटर्नचे (त्या वर्षीच्या लष्करी नमुन्याचे) पट्टे ब्रिटिश आणि मराठा सैनिकांचे सारखेच, तेवढं मान्य. पण लढाई कोणत्या महिन्यातली, हे आधी ठरवा. नायक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो १० जुलै १९४४ च्या, तायबर खोऱ्यातल्या लढाईसाठी. ऐन उन्हाळा! तिथे लोकरी बॅटलड्रेसचा (थंडीतल्या लष्करी गणवेशाचा) तपकिरी रंग चालणार नाही, सुती खाकी हवी. बॉक्समधले बाह्या दुमडलेले हात निवडा. सेक्शन कमांडरच्या (छोट्या तुकडीच्या प्रमुखाच्या) हातात टॉमी गन (थॉम्पसन सबमशीन गन) द्या. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून घाडगे तीच बंदूक नळीकडून धरून शत्रूवर तुटून पडले होते. दंडावर नायकाच्या दोन फिती विसरू नका, जेमतेम २८ मिमी उंचीच्या फिगरवरही त्या स्पष्ट दिसतात. माणगावला त्यांचा पुतळा आहे, पनवेलहून गोवा हायवेने जाणाऱ्यांनी जरूर थांबून बघावा.

चेहऱ्याला सपाट चॉकलेटी रंग देऊ नका. तांबूस गडद थर आधी, मग गालाची हाडं, नाक आणि हनुवटीवर थोडा पिवळसर उजळ हात. आणि पावसाळ्यात ठाण्यात स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारायला जाऊ नका, दमट हवेत तो पांढरट, खरखरीत बसतो. ब्रशने लावायचा प्रायमर पातळ करून दोनदा द्या.