बाबांच्या लॅपटॉपचा पासवर्ड विसरला, फॉरमॅट न मारता उघडेल का?

धागाकर्ता: मंडळी, अर्जंट मदत हवीये. विंडोज ११ आहे, बाबांनी मागच्या आठवड्यात पासवर्ड बदलला आणि आता काही केल्या आठवत नाहीये. सोसायटीचे ३ वर्षांचे हिशोब आणि आईचे सगळे फोटो त्यातच आहेत, बॅकअप कुठेच नाही. दुकानवाला फॉरमॅटच मारा म्हणतोय, बाबा दोन दिवस धड जेवलेले नाहीत.

प्रतिसाद १: फॉरमॅट अजिबात नको!! आधी कॅप्सलॉक बघा, आणि खाली उजव्या कोपऱ्यात भाषा मराठी झालीये का तेही बघा, पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात त्यामुळे कळतच नाही. मग एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका. खाली 'रीसेट पासवर्ड' आलं तर लोकल अकाउंट आहे, म्हणजे फक्त त्या लॅपटॉपपुरतं, ३ प्रश्न विचारेल, उत्तरं बरोबर आली की नवीन पासवर्ड टाकता येतो. मायक्रोसॉफ्टचं अकाउंट असेल तर फोनवरूनच त्यांच्या साइटवर कोड मागवून बदलता येतो. अंदाजाने टाकत बसू नका, १० वेळा चुकलं की १० मिनिटं लॉक होऊ शकतं.

प्रतिसाद २: प्रश्नांनीही नाही जमलं तर पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) घेऊन त्यावरून चालू करा, 'ट्राय उबंटू' निवडायचं, इन्स्टॉल नाही, आणि फाइल्स बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून घ्या. फक्त बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते, ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. ती नसेल तर दुकानवालाही काही करू शकत नाही, उगाच पैसे देऊ नका.

धागाकर्ता: उघडला!!! लोकलच होतं. लहानपणीचं टोपणनाव विचारलं, बाळूच्या स्पेलिंगमध्ये आधी यू टाकत होतो, बाबांनी डबल ओ टाकलेलं. फोटो सगळे आहेत, आई रडलीच. खूप खूप आभार. परत असं होऊ नये म्हणून काय करू?

प्रतिसाद ३: वा, बरं वाटलं वाचून! आज झोपायच्या आधी फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा, बाकी सगळं नंतर. मग कंट्रोल पॅनलमधून पासवर्ड रीसेट डिस्क बनवा, साधा पेनड्राइव्ह चालतो आणि पुढे पासवर्ड कितीदाही बदलला तरी तीच डिस्क चालते. पण ती ज्याच्या हाती लागेल तो लॅपटॉप उघडू शकतो, म्हणून कपाटात घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा, बॅगेत नको. तुमच्या नावाचं दुसरं ॲडमिन अकाउंटही काढून ठेवा. आणि बाबांना पासवर्ड डायरीत लिहू द्या हो, घरातल्या डायरीत काही बिघडत नाही, टोपणनावाचं स्पेलिंगही तिथेच लिहा.