पॅराक्वाटचा फवारा आणि हाताची थरथर

प्रश्न (काटोल):
संत्र्याच्या बागेत निंदणाला मजूर भेटत नाही, म्हणून वर्षातून तीन-चारदा पॅराक्वाट 24% हे तणनाशक मारतो. पंप कायम एकाच सालदाराच्या पाठीवर. त्याचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवला की थरथरते, कप उचलला की थांबते. नागपूरला रक्त तपासलं तर त्यात हे तणनाशक निघेल काय? तोंडाला दुपट्टा पुरे काय?

उत्तर 1:
भाऊ, रक्तात जुनं काही निघणार नाही. कोणी कोलिनेस्टरेज (रक्तातलं एक एन्झाइम) तपासा म्हणेल, पण ती तपासणी क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉससारख्या कीटकनाशकांची. पॅराक्वाट त्या गटातलं नाहीच. हात निवांत असताना, एकाच बाजूने थरथर, हे पार्किन्सनचं (कंपवाताचं) वळण वाटतं. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या न्यूरोलॉजी (मेंदू-नसांच्या) ओपीडीत दाखवा. नाकाला वास कळतो का, झोपेत हातपाय झाडतो का, शौच साफ होते का, ही या आजाराची लक्षणं घरच्यांना आधीच विचारून ठेवा. चालू गोळ्यांची पाकिटंही न्या! चक्करची सिनॅरिझिन किंवा उलटीची मेटोक्लोप्रमाइड बरेच दिवस घेतली तरी अशीच थरथर येते, आणि ती गोळी बंद केल्यावर बहुतेकदा ओसरते.

उत्तर 2:
दोष थेट पॅराक्वाटवर टाकू नका. अमेरिकेतल्या 2011 च्या एका अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन (एक कीटकनाशक) हाताळणाऱ्यांत पार्किन्सनचं प्रमाण सुमारे अडीच पट दिसलं. हा संबंध झाला. एका माणसाच्या आजाराचं कारण त्यावरून ठरत नाही. तरी सालदाराला पंपावरून आजच उतरवा, निदानाची वाट कशाला? युरोपीय संघात पॅराक्वाट 2007 पासून बंद आहे.

उत्तर 3:
दुपट्टा औषध शोषून तेच ओठाशी धरतो. पण खरी वाट कातडीची: झाकणाचं वायसर (रबरी वॉशर) गेलं की टाकीतलं पाणी पाठीवर झिरपते, शर्ट दिवसभर ओला. वायसर आधी बदला. हातमोजे नायट्रिलचे, सुती नको. तणनाशक खाली मारतो, म्हणून बाही मोज्याच्या वर. झाडावर फवारताना उलट, मोजा बाहीच्या वर, नाहीतर ओघळ थेट आत. पॅन्ट बुटाबाहेर. तणनाशकाला फ्लडजेट नोझल, दाब कमी. हॉलोकोन नोझलने बारीक धुकं उडते. मिसळताना डोळ्यावर चष्मा, कारण डबड्यातलं औषध सगळ्यात दाट. अडकलेलं नोझल फुंकू नका, दात घासायच्या जुन्या ब्रशने काढा.

उत्तर 1:
कापसावर प्रोफेनोफॉसही मारत असाल, तर हंगामाआधी लाल पेशींमधलं कोलिनेस्टरेज तपासून आकडा लिहून ठेवा. माणसामाणसात तो फार वेगळा असतो, म्हणून प्रयोगशाळेच्या 'नॉर्मल'वर जाऊ नका. स्वतःच्या आकड्यापेक्षा 30% खाली गेला, की फवारा बंद.