केदारचं केळवण लाजपतनगरला?

सुलभाकाकू: मीनल, तू रात्री टाकलेला पत्ता आत्ता बघितला. केळवण हॉटेलात, इथपर्यंत मी गप्प बसले. पण अफगाणी हॉटेलात? घरातल्या मोठ्या माणसांना विचारायची पद्धत होती पूर्वी.

ओंकार: काकू, मेनूकार्डाचा फोटो बघा तरी. काय पुलाव आहे!

सुलभाकाकू: मी पुलावाबद्दल बोलत नाहीये, ओंकार.

मधुकाका: शाकाहारी किती, मांसाहारी किती? कृपया आपापली नावं लिहा, मी यादी करतो.
१) मधुकर – शाकाहारी

श्रीकाका: १४ जानेवारी १७६१. एवढंच लिहितो. पुढचं ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

ओंकार: काका, अब्दाली भटारखान्यात नसतो हो.

श्रीकाका: तुमच्या पिढीला सगळंच हसण्यावारी न्यायचं असतं. आपली एक अख्खी पिढी तिथं गेली.

अश्विनी: श्रीकाका, अवधचा शुजाउद्दौला अब्दालीच्याच बाजूनं होता ना? आणि आपल्या तोफखान्याचा इब्राहिमखान गारदी आपल्यासाठी मेला. प्राजूच्या लग्नात अवधी बिर्याणी दोनदा घेतलीत तुम्ही.

श्रीकाका: तो विषय वेगळा.

उदयदादा: बिल कसं वाटायचं ते आधी ठरवा. अलिबागचं अजून यायचंय काही जणांकडून. नावं घेत नाही.

अश्विनी: दादा, मी त्याच आठवड्यात पाठवले होते. स्क्रीनशॉट टाकू का?

उदयदादा: तुझं नाव घेतलं का मी?

मीनलताई: बिलाचा प्रश्नच नाही. केळवण माझ्याकडचं आहे, पैसे मी देणार. माझ्या दोन खोल्यांत एवढी माणसं बसत नाहीत, म्हणून हॉटेल. आणि हेच का, तेही सांगते. काकू, जरा शांतपणे वाचा.
मी भोगलला राहते. माझ्या गल्लीच्या तोंडाशी नानवाई आहे, म्हणजे अफगाणी नान भाजणाऱ्याचं दुकान. सकाळी तो मुलगा कणकेचा लांबोळका गोळा हातावर ताणतो, बोटांनी त्यावर उभ्या रेघा दाबतो आणि तंदूरच्या भिंतीला मारतो. हातभर लांब नान, वर तीळ, कागदात गुंडाळून देतो. या हॉटेलात तोच नान येतो. तिथली माणसं मला नावानं ओळखतात. केदारला मी अनोळखी जागी घेऊन जात नाहीये.

मधुकाका: शाकाहारी किती, मांसाहारी किती? कृपया नावं लिहा. आतापर्यंत फक्त माझंच नाव आहे.

सुलभाकाकू: तुझी ओळख असेल गं. पण तिथं मटणाशिवाय असतं काय? मी, नाना, आत्या, आम्ही कोरडी पोळी खायची का?

मीनलताई: काकू, बोरानी बांजान आहे. वांग्याच्या जाड चकत्या तळून टोमॅटोत मुरवतात, ताटलीत खाली आणि वर लसणाचं घट्ट दही, त्यावर चुरडलेला सुका पुदिना. तसंच लाल भोपळ्याचं, बोरानी कदू. बोलानी म्हणजे पातळ पारीत बटाटा नाहीतर गंदना ही कांद्याच्या पातीसारखी भाजी भरून तव्यावर तळलेली. राजमा आहे, पालक आहे. पण एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. काबुली पुलावातले मटणाचे तुकडे बाजूला काढले म्हणजे भात शाकाहारी होत नाही, तो मटणाच्या पाण्यातच शिजतो. वरचं गाजर, मनुका, बदाम बघून कोणी फसू नका. मंतू म्हणजे वाफवलेल्या पारीच्या पुड्या, वर डाळ दिसते, पण आत खिमा असतो. शाकाहारी मंडळींसाठी साधा भात वेगळा लावायला सांगितलाय.

ओंकार: आणि अफगाणी चिकन? मलईवालं?

मीनलताई: ते आपल्याकडच्या ढाब्यांवरचं. इथं चोपान कबाब खा, मेंढीच्या बरगड्यांचा, नुसतं मीठ लावून निखाऱ्यावर.

आत्या (सासवड): शुभ सकाळ 🙏 कुठं जायचं ठरलं? लग्न दिल्लीत आहे ना?

अश्विनी: हो आत्या. आदल्या दिवशी केळवण.

आत्या (सासवड): बरं. लसूण चालत नाही मला.

मीनलताई: आत्या, तुमचं दही बिनलसणाचं सांगते.

श्रीकाका: एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो. दिल्लीत पुरणपोळी मिळत नाही का? महाराष्ट्र सदन आहे. आपण ज्या बृहन्महाराष्ट्र भवनात उतरणार तिथं सांगितलं असतं तर पंगत झाली असती.

सुलभाकाकू: बरोबर बोललात भाऊजी. हेच माझं म्हणणं.

मीनलताई: काका, पुरणपोळी लग्नाच्या पंगतीत आहेच. केदारनं स्वतः ही जागा मागितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे राहायचा तेव्हा त्याला टायफॉईड झाला. मी औषधं आणायला गेले त्या दुकानात दिल्लीला इलाजासाठी काबूलहून आलेली बरीच माणसं येतात, त्यांचा दुभाषी तिथं बसतो. मी रडवेली झालेली बघून तो आमच्याबरोबर इस्पितळात आला, रात्रभर थांबला. हे हॉटेल त्याच्या भावाचं. केदारला बरं वाटल्यावर पहिलं जेवण त्यांनीच पाठवलं, मऊ भात आणि दही. पैसे घेतले नाहीत.
आणि काका, लाजपतनगरच मुळात फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसलेलं. १९९२ मध्ये नजीबुल्लांचं सरकार पडल्यावर अफगाण शीख-हिंदू दिल्लीत आले, २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबाननं काबूल घेतल्यावर आणखी लोक. आपल्या देशाची १९५१ च्या निर्वासित करारावर सही नाही, त्यामुळे यांतल्या बऱ्याच जणांना रीतसर नोकरी मिळणं कठीण. मग नान भाजायचे, सुका मेवा विकायचा, इस्पितळात दुभाषी व्हायचं. अब्दालीचा हिशोब त्यांच्याकडून घेऊ नका, कळकळीनं सांगते.

मधुकाका: मीनल, छान लिहिलंस. शाकाहारी किती, मांसाहारी किती? कृपया नावं लिहा.

उदयदादा: मधुकाका, सगळ्यांना भूक लागल्यावर विचारा.

मधुकाका: ऐन वेळी गोंधळ होतो म्हणून विचारतोय. प्राजूच्या वेळी झाला होता, आठवत असेल.

प्राजू: माझ्या लग्नाचा गोंधळ कुणामुळे झाला ते ग्रुपवर नको.

अश्विनी: काकू, एक बोलू? तुमच्या वरच्या खोलीत तो काबूलचा मुलगा भाड्यानं राहायचा, पुण्यात शिकायला आलेला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याचा घरी फोन लागत नव्हता तेव्हा तुम्हीच त्याला रोज खाली जेवायला बोलवायचात. वरण-भात, वर तूप. मी तेव्हा तुमच्याकडेच होते.

सुलभाकाकू: त्याची गोष्ट वेगळी. तो घरातला होता.

सुलभाकाकू: जाताना त्यानं हिंगाची डबी दिली होती. खड्याचा हिंग. अजून पुरतोय.

ओंकार: श्रीकाका, ऐकताय ना? तुमच्या आमटीत कंदाहार आहे. आपल्याकडे हिंगाची लागवड २०२० साली लाहौलला सुरू झाली, तोवर सगळा बाहेरूनच यायचा.

श्रीकाका: मी आमटीला कधी नाही म्हटलंय?

उदयदादा: मग नानलाही म्हणू नका.

श्रीकाका: मी येणार नाही असं कुठं लिहिलंय? तारीख लिहिली फक्त. आणि मांडी घालून बसवणार असाल तर माझा गुडघा बघा.

मीनलताई: काका, तख्तावर बसायची सोय आहे, पण तुमच्यासाठी, नानांसाठी आणि आत्यांसाठी टेबल-खुर्ची राखून ठेवलीय. जेवणानंतर वेलदोड्याचा कोरा हिरवा चहा येतो, साखर वेगळी. तुम्हाला डायबेटिस आहे, तोच घ्या.

सुलभाकाकू: मीनल, मी येते. पण केळवण नुसतं हॉटेलात बसून खाल्ल्यानं होत नाही. सहाला भवनावर केदारचं औक्षण करायचं, हातात आहेर द्यायचा, मगच निघायचं. यात बदल नाही. आणि पुढच्या वेळी पत्ता टाकायच्या आधी फोन कर.

मीनलताई: करते काकू. सहाला मी तिथं पोचते. भवनावरून मेट्रोनं सोपं आहे, रामकृष्ण आश्रम मार्गला निळी लाईन, मंडी हाऊसला उतरून जांभळी, थेट लाजपतनगर. नाना-आत्यांना टॅक्सी.

मधुकाका: सुलभावहिनी – शाकाहारी, आत्या – शाकाहारी (लसूण नाही), नाना – शाकाहारी, श्री – ?

श्रीकाका: मांसाहारी.

अश्विनी: काकू, निरांजन मी डोंबिवलीहून आणते, तुम्ही ओझं करू नका.

सुलभाकाकू: निरांजन माझं मी आणतेय. तू सुपारी आणि अक्षता आण. दिल्लीत आयत्या वेळी शोधत फिरायला नको.