शब्दचर्चा: ‘पर्यायी’ स्टॅक की ‘राखीव’ स्टॅक?

प्रश्न

युनिक्स सिस्टिम्स प्रोग्रामिंगवर विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. सिग्नल (चालत्या प्रोग्रामला मिळणारी सूचना), हँडलर (ती आल्यावर चालणारं फंक्शन), कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), थ्रेड हे शब्द तसेच ठेवले आहेत. अडलंय ते सिगअल्टस्टॅक या सिस्टिम कॉलपाशी. हँडलर चालवायला नेहमीच्या स्टॅकऐवजी (फंक्शनं चालताना वापरतात ती मेमरी) दुसरा स्टॅक कोणता, हे तो कर्नलला सांगतो. त्यातल्या ‘अल्ट’साठी ‘पर्यायी’ लिहिलं, पण पर्याय म्हटला की तो हवा तर घ्यावा, नको तर सोडावा असं वाटतं. ‘राखीव’, ‘दुय्यम’, ‘वेगळा’ यांतलं काय बसेल?

प्रतिसाद १

‘दुय्यम’ नको, त्यात कमी दर्जाची छटा येते. ‘पर्यायी’ मला चालेल. पर्यायी रस्ता आपण मूळ रस्ता बंद असतानाच धरतो, आणि इथे नेमकं तेच घडतं.

सिग्नल आला की कर्नल प्रोसेसरच्या रजिस्टरांतली मूल्यं आणि हँडलरहून परतण्याची माहिती चालू स्टॅकवरच मांडतो, मग हँडलर सुरू होतो. आता रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) थांबलंच नाही आणि स्टॅक संपला, तर सिगसेगव्ही हा चुकीच्या मेमरीला हात लावल्याचा सिग्नल येतो. त्याचा हँडलर तुम्ही लिहून ठेवलेला असतो, पण तो चालवण्याआधीची मांडामांड करायला त्या संपलेल्या स्टॅकवर जागा कुठून येणार? कर्नल प्रोसेस तिथेच मारतो. तुमच्या हँडलरची एक ओळही चालत नाही, लॉगमध्ये अक्षर उमटत नाही. म्हणून हँडलरसाठी दुसरा स्टॅक.

प्रतिसाद २

वरची माहिती बरोबर आहे, पण तिच्यावरून काढलेला अर्थ पटत नाही. सिगअल्टस्टॅक फक्त जागा कळवतो. कोणता हँडलर तिथे चालेल हे सिगअ‍ॅक्शन (सिग्नलला हँडलर जोडणारा कॉल) करताना एसए_ऑनस्टॅक हा फ्लॅग देऊन ठरतं. एकदा फ्लॅग दिला की मूळ स्टॅक रिकामा असो वा भरलेला, तो हँडलर त्या दुसऱ्या जागेवरच चालतो. ‘रस्ता बंद असला तर’ ही अट त्यात कुठेच नाही.

गो भाषेचं उदाहरण घ्या. तिथे गोरूटीनचा (गोच्या हलक्या थ्रेडचा) स्टॅक अवघ्या २ केबीपासून सुरू होतो, म्हणून गोसोबत जोडलेल्या सी कोडने हँडलर लावला तर त्यावर हा फ्लॅग असलाच पाहिजे, असा नियम आहे. गो १.१४पासून तर रनटाइम चालत्या गोरूटीनला थांबवायलाही सिग्नल वापरतो. तेव्हा कुठलाही स्टॅक संपलेला नसतो.

म्हणून ‘राखीव’. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत. राखीव खेळाडू कुणी जखमी होईपर्यंत बसून असतो. राखीव डबा मात्र बाकी गाडी रिकामी असली तरी ठरलेल्या प्रवाशांचाच असतो. आपल्याला हा दुसरा अर्थ हवा आहे, आणि टिपणात तो एका वाक्यात सांगून टाका.

प्रश्नकर्ती

‘राखीव’ घेते. आता क्रियापद? ‘कर्नल राखीव स्टॅक देतो’ असं लिहिलंय.

प्रतिसाद २

ते बदला. जागा कर्नल देत नाही. मॅलॉक किंवा एममॅप या मेमरी मागणाऱ्या कॉलने ती तुम्ही मिळवता आणि तिची सुरुवात व आकार कर्नलला कळवता. ‘नेमून देणे’ चांगलं वाटतं. शिवाय ‘प्रोसेसचा राखीव स्टॅक’ लिहू नका, ‘थ्रेडचा’ लिहा. पीथ्रेड या थ्रेड-लायब्ररीने नवा थ्रेड बनवलात तर त्याला मुख्य थ्रेडचा राखीव स्टॅक मिळत नाही, त्याच्यापुरता वेगळा नेमावा लागतो. ही गफलत मी पुष्कळ कोडमध्ये पाहिली आहे, आणि ‘प्रोसेसचा’ या शब्दाने ती पक्की होईल.

प्रतिसाद १

डब्याचा अर्थ पटला, ‘पर्यायी’ सोडतो.

‘ओव्हरफ्लो’ला ‘ओसंडणे’ लिहिणार असाल तर जरा थांबा. ओसंडणारी वस्तू काठावरून वर येते. एक्स८६ (इंटेल-एएमडी घराण्याचे प्रोसेसर) वर स्टॅक खालच्या पत्त्यांकडे वाढतो आणि शेवटी निषिद्ध पानाला (वापरायची परवानगी नसलेल्या मेमरीच्या तुकड्याला) धडकतो. ‘स्टॅक संपणे’ साधं आहे आणि खरं आहे. वाढीची दिशा हा नुसता शब्दाचा कीस नाही. ४.२ बीएसडी या जुन्या युनिक्समधल्या सिगस्टॅकला (सिगअल्टस्टॅकच्या पूर्वजाला) आकार सांगायची सोयच नव्हती, त्यामुळे कोणतं टोक द्यायचं हे प्रोग्रामरला दिशा ओळखून ठरवावं लागे.

प्रश्नकर्ती

आणि आकार? ‘८१९२ बाइट पुरेत’ असं लिहिलं आहे.

प्रतिसाद २

आकडा काढून टाका. तो एसआयजीएसटीकेएसझेड या (राखीव स्टॅकचा नेहमीचा आकार सांगणाऱ्या) स्थिरांकाचा एक्स८६वरचा जुना आकडा. किमान आकाराचा स्थिरांक २०४८ होता, पण प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-५१२ची रुंद रजिस्टरं आल्यावर नुसती ती जपून ठेवायलाही २०४८ बाइट अपुरे पडू लागले. २०२१च्या ग्लिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.३४पासून, ग्नू विस्तार चालू असतील तर, हे दोन्ही आकडे प्रोग्राम चालताना सिसकॉन्फ या फंक्शनकडून मिळतात. त्या आकाराचा स्टॅटिक अ‍ॅरे जाहीर करणारा जुना कोड तिथे कंपाइलच होत नाही. टिपणात असं लिहा: ‘राखीव स्टॅकचा किमान आकार सिसकॉन्फला विचारावा, आणि हँडलर स्वतः जेवढी जागा वापरेल ती त्यात मिळवावी.’